मरणाचं कारण: ताप

टांग्यात पुढं बसा, टांगेवाल्याशेजारी. मागं वहिनींना आडवं व्हायला जागा हवी. मिरज स्टेशनाबाहेर या माणसानं एकदाच वळून त्यांच्याकडं पाहिलं. तोंडाशी घट्ट धरलेला पदर पाहिला, गळ्याशी वर आलेली हाडं पाहिली, आणि कुठं जायचं हे न विचारताच घोडा सांगलीच्या रस्त्याला घातला.

साल 1935, महिना मार्गशीर्ष. तुम्ही बावीस वर्षांचे आहात. गळ्यात तुळशीची माळ आहे, कारण घर माळकऱ्यांचं. गाव तासगाव तालुक्यातलं, म्हणजे इंग्रजी मुलखातलं, जिल्हा सातारा. भिलवडी स्टेशनावर पहाटेची मीटरगेजची गाडी धरून तुम्ही मिरजेला उतरलात. थोरल्या भावाला यायचं होतं, पण शाळूची राखण टाकून दोघं कसे निघणार? म्हणून धाकट्या दिरावर काम आलं. तुमच्या मांडीवर एक गाठोडं आहे. त्यात दोन लुगडी, अडुळशाच्या काढ्याची बाटली, देवऋष्यानं दिलेल्या अंगाऱ्याची पुडी आणि तीन वर्षांच्या पोरीचं एक झबलं. झबलं कशाला घेतलं हे तुम्ही विचारलं नाही.

तुम्ही इथं आलात ते जवळजवळ नव्वद वर्षं पुढच्या काळातून. स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनायझिड हे दोन शब्द तुम्हाला ठाऊक आहेत. पहिलं औषध अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत सापडायला अजून आठ वर्षं आहेत, आणि दुसरं क्षयावर वापरात यायला सतरा. ते शब्द तोंडात तसेच राहू द्या. मागून खोकल्याची उबळ येते, टांगा थांबतो, वहिनी बाजूला वाकतात. मग पदराच्या टोकाची घडी आतल्या बाजूला वळवून घेतात, लाल डाग तुम्हाला दिसू नये म्हणून. तुम्हीही न दिसल्यासारखं करता. गेले सहा महिने घरातले सगळे हेच करत आहेत.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं. शाळू गुडघ्याच्या वर आलाय, मधेमधे हरभऱ्याच्या सऱ्या, बांधावर बाभळी. मिरज आणि सांगली ही पटवर्धनांची वेगवेगळी संस्थानं, त्यामुळं या दोन-अडीच कोसांत तुम्ही राज्यंच ओलांडत चालला आहात. पुढं डाव्या-उजव्या हाताला वस्ती विरळ होते, हवा मोकळी होते. विश्रामबाग जवळ आला. विलिंग्डन कॉलेज इथलं. डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं 1919 साली ते काढलं, आणि गावाबाहेर, माळावर काढलं. तुमच्या वयाची पोरं हातात पुस्तकं घेऊन रस्त्याच्या कडेनं चालली आहेत. टांगा जवळ येताच त्यांतला एक जण उगाचच रस्ता बदलून पलीकडं जातो. त्याच्यावर रागवू नका. त्यालाही कुणीतरी घरी सांगितलेलं असणार.

टांगा थांबतो ती जागा म्हणजे वानलेसवाडी.

विल्यम वानलेस हा मूळचा कॅनडाचा माणूस. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा डॉक्टर म्हणून 1889 साली तो इकडं आला आणि 1894 साली मिरजेत त्यानं रुग्णालय सुरू केलं. मोतीबिंदू असो की पोटातली गाठ, मिरजेला न्या, असं दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात लोक सांगू लागले, ते त्याच्या हातामुळं. 1928 साली तो सर वानलेस झाला आणि 1933 साली अमेरिकेत वारला. त्याच्या नावानं उभं राहिलेलं हे क्षयाचं सॅनेटोरियम मिरज आणि सांगली यांच्या मधल्या माळावर आहे. ते वस्तीपासून लांब असणं हाच त्या काळच्या उपचाराचा अर्धा भाग होता. मोकळी हवा, विश्रांती, दूध-तूप, आणि वाट पाहणं. सातारा जिल्ह्यातच पाचगणीला डॉ. बिलिमोरियांचं बेल-एअर 1912 पासून आहे, पण तिथं जाऊन राहणं तुमच्यासारख्या घराच्या स्वप्नातही येत नाही. वानलेसवाडी हाकेच्या अंतरावरची, आपली भाषा बोलणारी.

कचेरीत एक कारकून बसलाय. समोर जाड पुठ्ठ्याची वही, शाईची दौत. तो वर न बघता विचारायला लागतो, आणि तुम्ही उभ्याउभ्या उत्तरं देता. नाव. नवऱ्याचं नाव. वय चोवीस. मुलं एक, मुलगी. ताप किती दिवस? दिवाळीच्या आधीपासून, संध्याकाळी बारीक कसकस येते. रात्री घाम? येतो. वजन उतरलं? बांगड्या कोपरापर्यंत सरकतात हो.

"गाव?"

इथं तुमची जीभ अडते. घरून निघताना थोरल्या चुलत्यांनी तुम्हाला गोठ्यात बोलावून घेतलं होतं. धाकट्या बहिणीची सोयरीक ठरत आली होती. मागं ती तीन वर्षांची पोर होती, तीही उद्या लग्नाची होणार. 'क्षयाचं घर' असं एकदा नाव पडलं की त्या घरची मुलगी कुणी करत नाही आणि त्या घरात कुणी मुलगी देत नाही. मिशनच्या वहीत आपलं गाव चढायला नको, असं चुलते म्हणाले होते.

"अथणी तालुका," तुम्ही म्हणता. "जिल्हा बेळगाव." आणि कधीही न पाहिलेल्या एका गावाचं नाव सांगता.

कारकून लिहितो. बाकावर बसलेल्या वहिनींनी ते ऐकलंय. त्या जमिनीकडं पाहतात.

"घरात आणखी कुणाला असा खोकला होता? आधी कुणी गेलंय?"

याचं उत्तर द्यायच्या आधी सोळा वर्षं मागं चला. तुमच्याच गावच्या चावडीत.

1919 सालचा उन्हाळा. तुम्ही सहा वर्षांचे आहात आणि वडिलांचं बोट धरून उभे आहात. कुलकर्णी मांडी घालून बसलेत, पुढ्यात मोडीत लिहिलेली वही. जन्मलेल्यांची आणि मेलेल्यांची ही वही पुढच्या काळात 'गाव नमुना 14' म्हणून ओळखली जाईल. तारीख, नाव, स्त्री की पुरुष, जात, वय, मरणाचं कारण, असे तिचे रकाने. काल तुमची आई गेली. तीन वर्षं ती खोकत होती. शेवटी शेवटी माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तिची वाकळ असायची, चुलीचा धूर तिथंच कोंडायचा.

"काय झालं होतं?" कुलकर्णी विचारतात.

"ताप हुता," वडील म्हणतात.

कुलकर्णी बोरू दौतीत बुडवतात आणि लिहितात: ताप.

वडील खोटं बोलले असं म्हणू नका. ताप होताच. आणि कुलकर्ण्यांनी चौकशी करून, वैद्याला विचारून 'राजयक्ष्मा' असं लिहिलं असतं, तरी त्या शब्दाला वर जायला वाट नव्हती. गावच्या वहीतले आकडे तालुक्याला जायचे, तिथून जिल्ह्याला, तिथून मुंबई इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरकडं. त्याच्या तक्त्यात मरणाला ठरावीक घरं होती. पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, अपघात आणि इजा, आणि राहिलेल्यांसाठी 'इतर सर्व कारणं'. पटकीला स्वतःचं घर होतं, कारण ती आठ दिवसांत गाव रिकामं करायची आणि सरकार घाबरायचं. साप चावून मेलेल्यांचीही वेगळी मोजणी व्हायची. वर्षानुवर्षं घराघरांतून माणसं नेणाऱ्या क्षयाला मात्र गावच्या हिशेबात वेगळं घर नव्हतं. त्याचे मेलेले तापात मिसळले, काही श्वासाच्या विकारांत, काही 'इतर'मध्ये. मलेरियाचे, विषमज्वराचे, बाळंतज्वराचे, सगळे त्या एका तापाच्या घरात दाटीवाटीनं.

मागच्याच वर्षी, 1918 च्या आश्विन-कार्तिकात, या रकान्यानं केवढं गिळलं होतं ते पाहायचं असेल तर वहीची थोडी पानं मागं उलटा. एकाखाली एक ताप, ताप, ताप. एका पानावर मावेनात म्हणून ओळी बारीक झाल्यात, अक्षर बिघडलंय, मधेच दुसऱ्याच कुणाचं तरी हस्ताक्षर आहे. तो इन्फ्लुएंझा होता. एकट्या मुंबई इलाख्यात त्यानं दहा लाखांवर माणसं नेली, आणि हा आकडासुद्धा पुढं अंदाजानं काढावा लागला. नेहमीच्या वर्षी तापानं एवढे मरतात, यंदा एवढे मेले, मधला फरक साथीचा. मरणाऱ्याचं कारण वजाबाकीनं शोधायचं. साथ दोन महिन्यांत उंच डोंगरासारखी उठली म्हणून निदान वजाबाकी तरी जमली. क्षयाचा डोंगर नसतो, पठार असतं. दरवर्षी सारखंच. वजा कशातून करणार?

रोगाचं कारण माहीत नव्हतं म्हणून हे झालं असंही नाही. रॉबर्ट कॉखनं बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला तो 24 मार्च 1882 रोजी. त्यानंतर पाच वर्षांनी, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, पेनसिल्व्हानियातून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयानं गेल्या, वयाच्या एकविसाव्या वर्षी. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली बायकांच्या विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. सरकारनं डॉ. आर्थर लँकेस्टर यांना क्षयाची चौकशी करायला देशभर फिरवलं आणि 1920 साली त्यांचं पुस्तक निघालं. कोंडलेल्या खोल्या, पडदा आणि लवकरची बाळंतपणं तरुण बायकांना या रोगाच्या तोंडी देतात, असं त्यांनी बजावलं. म्हणजे शहाण्यांना ठाऊक होतं. चावडीतल्या वहीला ते कुणी कळवलं नाही.

आता परत या. कारकून लेखणी उचलून थांबलाय.

"आधी कुणी गेलंय का?"

"न्हाई," तुम्ही म्हणता. कागदोपत्री तर तुमची आई तापानंच गेली आहे.

सकाळी वहिनींना एक झाकणाची डबी देतात. बेडका त्यातच टाकायचा, जमिनीवर नाही, पदरात नाही. तिथल्या तपासणाऱ्या माणसाला दया येते की तुमचा चेहरा पाहून काय वाटतं कोण जाणे, पण तो तुम्हाला बोलावतो. काचेच्या पट्टीवर बेडक्याचा पातळ लेप देऊन तो दिव्यावर सुकवला आहे. त्यावर लाल रंग ओतून खालून ऊब दिली, मग आम्लानं धुतला. बाकी सगळ्याचा रंग जातो, या जंतूचा जात नाही, कारण त्याच्या अंगावर मेणाचं कवच असतं. शेवटी निळा रंग. "बघा," तो म्हणतो. तुम्ही एक डोळा मिटून नळीत बघता. निळ्या आभाळात तांबड्या काडीचे तुकडे विखुरलेत, कुठं एकेकटे, कुठं दोन-तीन एकमेकांवर पडलेले. सहा महिने ज्याचं नाव घरात कुणी काढलं नाही, ते हे. करणी नाही, दृष्ट नाही, पूर्वजन्माचं काही नाही. तुमच्या आईच्या छातीतही हेच होतं, आणि त्याच माजघरात वहिनी सून म्हणून आल्या.

तो माणूस चिठ्ठीवर लिहितो, आणि ती चिठ्ठी वहिनींच्या केसपेपराला टाचली जाते. या कागदाकडं नीट पाहा. वहिनींचं नाव आजवर कशावर होतं? जमीन भावाच्या नावावर, भावाच्या आधी वडिलांच्या. शाळेच्या दाखल्याचा प्रश्नच नव्हता. जन्म झाला तेव्हा माहेरच्या कुलकर्ण्यानं 'एक मुलगी' एवढी खूण केली असेल. चोवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी रोज, दिवसातून अनेक वेळा, या बाईविषयी लिहून ठेवतंय. किती झोपली, किती खाल्लं, खोकला कोरडा की ओला, नाडी किती.

पलंगाच्या उशाशी एक रेघांचा कागद लटकवलेला असतो. काखेतला पारा बघून नर्सबाई त्यावर एक टिंब देतात आणि आधीच्या टिंबाला रेघेनं जोडतात. सकाळी 98, संध्याकाळी 101, परत सकाळी खाली. वहिनींना अक्षरओळख नाही. पण तिसऱ्या आठवड्यात तुम्ही भेटायला गेलात तेव्हा त्या बोटानं दाखवतात, "ह्यो बघा भावजी, हितं लई चढला हुता. रगात पडलं त्या दिशी. आन् हितनं खाली आलाय." त्या स्वतःचा ताप वाचायला शिकल्या आहेत. पलीकडच्या खाटेवरची बेळगावकडची बाई आणि त्या रोज संध्याकाळी आपापल्या रेघा ताडून पाहतात.

पहिल्यांदा अंड्यावरून अडलं होतं. गळ्यात माळ, अंडं कसं खाणार? माशाचं तेल म्हटल्यावर तर त्यांनी तोंड फिरवलं. नर्सबाई ख्रिस्ती, पण बोलणं आपल्याकडचंच. त्यांनी वाद घातला नाही. दूध वाढवलं, तूप वाढवलं, शेंगदाणे आणि गूळ दिला, आणि तेलाला औषध म्हटलं. औषधाला विटाळ नसतो, हे वहिनींनी स्वतःच ठरवलं. मग हवा भरायचं निघालं. बरगड्यांच्या मधून सुई घालून फुप्फुसाभोवती हवा भरतात, फुप्फुस मिटतं आणि त्याला विसावा मिळतो. दुसरी बाजू बऱ्यापैकी स्वच्छ असेल तरच हे करता येतं. वहिनींची होती. दर थोड्या दिवसांनी हवा परत भरावी लागे. त्या दिवशी त्या बोलत नसत. हवा भरल्याचीही नोंद व्हायची, किती भरली, कुठल्या बाजूला.

आणि एक गोष्ट त्यांना तिथं शिकवली गेली, जी पुढं फार लांब पोचणार आहे. खोकताना तोंडावर फडकं. डबीतला बेडका जाळायचा. आपल्या ताटात पोरीला जेवू घालायचं नाही. पोरीला कुशीत घेऊन झोपायचं नाही. हे शेवटचं ऐकल्यावर त्यांनी गाठोड्यातलं झबलं काढून उशाखाली ठेवलं, असं बेळगावकडच्या त्या बाईनं तुम्हाला सांगितलं.

पाच महिने झाले. मृग तोंडावर आलाय. डॉक्टर म्हणतात, अजून किमान सहा महिने ठेवा. थोरला भाऊ पागोटं हातात घेऊन उभा आहे. पेरणीला हात हवेत, घरात भाकरी थापायला बाईमाणूस नाही, पोर कुणाकडं राहीना. त्याचं बोलणं ऐकताना तुम्हाला संताप येतो, आणि त्याचा इलाजही दिसत नाही. घरी जाणाऱ्याच्या नावापुढं सॅनेटोरियमात एक शेरा पडतो. रोग थांबला, किंवा शांत आहे, किंवा सुधारणा, किंवा सुधारणा नाही. वहिनींच्या कागदावर 'सुधारणा' लिहिलं जातं. वजन वाढलंय. ताप 99 च्या आसपास घोटाळतोय, पण बेडक्यात तांबड्या काड्या अजून आहेत. कागद एका गठ्ठ्यात जातो. गठ्ठ्यावर पट्टी आणि नंबर.

त्या घरी येतात. जेमतेम अडीच महिने. चूल, धूर, पाणी, भांगलण. हवा परत भरायला मिरजेला जायचं एकदा पावसानं चुकलं, एकदा पैशानं, मग चुकतच गेलं. श्रावणातल्या एका रात्री एकदम रक्ताची गुळणी आली आणि संपलं.

सकाळी चावडीत तुम्हीच जाता. कुलकर्णी तेच, केस पिकलेत. त्यांना सगळं माहीत आहे. मिरजेच्या वाटेवर तुम्हाला त्यांच्याच पुतण्यानं पाहिलं होतं.

"काय झालं होतं?"

तुमच्या डोळ्यांपुढं निळ्या आभाळातले ते तांबडे तुकडे आहेत. गावात त्या रोगाला तोंडासमोर भेटलेला तुम्ही एकटाच माणूस. अंगणात धाकटी बहीण उभी आहे, तिचं लग्न मार्गशीर्षात.

"ताप," तुम्ही म्हणता.

कुलकर्णी तुमच्याकडं क्षणभर पाहतात आणि बोरू बुडवतात.

महिनाअखेर ती ओळ एका बेरजेत मिळते. बेरीज तासगावला जाते, साताऱ्याला जाते. वहिनी आता सातारा जिल्ह्यातल्या तापानं मेलेल्यांपैकी एक आहेत. वानलेसवाडीच्या गठ्ठ्यात त्या अजून जिवंत आहेत, सुधारणा झालेल्या, अथणी तालुक्यातल्या. एक वही इंग्रजी हद्दीतली, दुसरी मिशनची. त्यांच्या मधे संस्थानी मुलूख, चार-पाच तासांची वाट आणि तुमचा एक शब्द. त्या दोन्ही वह्या एकमेकींना कधी भेटणार नाहीत.

चांगली सॅनेटोरियमं सोडलेल्या रोग्याचा पाठपुरावा करत. मद्रास इलाख्यातल्या मदनपल्लीचं सॅनेटोरियम 1915 साली उघडलं. तिथले डेन्मार्कचे डॉक्टर फ्रिमोट-म्योलर घरी गेलेल्या रोग्यांचं पुढं काय झालं याची वर्षानुवर्षं चौकशी करत, कारण उपचार टिकला की नाही हे दुसऱ्या कशानं कळणार? विश्रामबागेच्या माळावरून असंच एक पोस्टकार्ड अथणी तालुक्याला निघालंय असं समजा. बाईंची प्रकृती कशी आहे, ताप येतो का, वजन किती, घरात आणखी कुणी खोकतं का. पोस्टमन गावभर विचारतो. या नावाचं कुणी नाही. कार्ड परत फिरतं. त्यावर लिहिलेलं असतं, पत्ता लागत नाही.

घरात आणखी कुणी खोकतं का, हा प्रश्न तुमच्या दारात यायला हवा होता. पोर तेव्हा चार वर्षांची होती.

इथून पुढं भरभर चला. 1943 साली स्ट्रेप्टोमायसिन सापडतं. 1948 साली सांगली संस्थान मुंबई राज्यात विलीन होतं. पुढच्या वर्षी साताऱ्याचा हा खालचा भाग वेगळा होऊन दक्षिण सातारा होतो आणि 1960 साली त्याचं नाव सांगली पडतं. तासगाव, विश्रामबाग, मिरज आता एकाच जिल्ह्यात. ती पोर दरम्यान मोठी होते, लग्न होऊन सासरी जाते, कारण तिचं घर क्षयाचं आहे हे कुठंच लिहिलेलं नाही. 1954 साली तिलाही बारीक ताप येऊ लागतो. मिरजेचा डॉक्टर तिला रोगाचं नाव सांगतो, सुया देतो, गोळ्या देतो. सासरी ती सांगते, ताकदीची इंजेक्शनं आहेत. ती बरी होते. 1959 साली मद्रासच्या अभ्यासातून दिसतं की औषधं नीट घेतली तर घरी राहून उपचार घेणारे सॅनेटोरियमात राहणाऱ्यांइतकेच बरे होतात. त्यानंतर माळावरच्या त्या लांब पडव्यांचं दिवसेंदिवस फारसं काम उरत नाही. 1962 साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम येतो. आणि प्रत्येक क्षयरोग्याची नोंद सरकारला कळवलीच पाहिजे हा आदेश निघतो 2012 साली. कॉखनंतर एकशे तीस वर्षांनी. आता 'निक्षय' या सरकारी नोंदप्रणालीत रोग्याचा नंबर असतो, पोषणासाठीचे पैसे खात्यात येतात. आणि अजूनही, आशाताईला विचारलंत तर ती सांगेल, लग्नाच्या वयाच्या मुलीचे घरचे पत्ता सांगताना अडखळतात.

नोव्हेंबर 2023. तुम्ही आता त्याच धाकट्या दिराचे नातू आहात आणि तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात उभे आहात. जिकडं तिकडं लाल कापडात बांधलेले गठ्ठे सोडलेत, धूळ उडतेय, नाकाला रुमाल लावलेली माणसं पानं उलटताहेत. जातीच्या दाखल्यांसाठी कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर सुरू आहे. वर्षानुवर्षं कुणी न उघडलेली जन्ममृत्यूची वही आज टेबलावर आली आहे, ती जातीच्या रकान्यासाठी. मोडी वाचणारे गृहस्थ बोट फिरवत येतात आणि 1936 च्या श्रावणातल्या एका ओळीवर थांबतात.

"सापडली. स्त्री, वय चोवीस, जात कुणबी. नवऱ्याचं नाव बघा, तुमचेच ना?"

शेजारचा मुलगा मोबाइलनं फोटो घेतो. 'कुणबी' शब्द नीट यावा म्हणून पडद्यावर दोन बोटं पसरून मोठा करतो. पुढचा रकाना पडद्याबाहेर जातो.

"पुढं काय लिहिलंय?" तुम्ही विचारता.

"पुढं? मरणाचं कारण आहे. त्याची दाखल्याला गरज नाही." तरी ते वाकून वाचतात. "ताप."

संध्याकाळी नक्कल घेऊन तुम्ही आत्यांकडं जाता. आत्या एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. नजर गेलीय, कान शाबूत आहेत. तुम्ही त्यांना ओळ वाचून दाखवता. कारणासकट.

"ताप न्हवं," आत्या लगेच म्हणतात. मग बराच वेळ गप्प बसतात. गोधडीवरून हात फिरवत राहतात.

"आईचं मला एकच आठवतंय बघ. ती खाटंवर, मी उंबऱ्यात. मी आत पळत गेले की ती हात करायची, तिकडं जा, तिकडं जा. जवळ घ्यायचीच न्हाई. मला वाटायचं, आपलं काय चुकलं? मोठी झाले, लगीन झालं, तरी मनात त्येच. आईला मी नगं हुते." त्या पदरानं तोंड पुसतात. "मग चोपन्न साली मिरजंच्या डाक्टरनं मला सांगितलं, बाई, तुला क्षय हाय. पोराला जवळ घेऊन निजू नगं. घरी आले, आन् पोरगं धावत आलं, आन् मी हात केला. तसाच. आन् मग कळलं."

त्या तुमच्या हातातली नक्कल मागून घेतात आणि बोटांनी चाचपतात.

"कुटं हाय त्यो ताप? माझं बोट ठिव तिथं."

तुम्ही ठेवता.